ओंजळभर वॅक्स: जळगावातल्या एका पाइप कारखान्याचं प्रकरण

मे महिना म्हणजे जळगावच्या पाइपवाल्यांची सुगी. मान्सूनपूर्व कापूस ठिबकवर लावायचा असतो, रावेर, यावल, चोपड्याकडे केळीच्या नव्या बागांची आखणी चालू असते, आणि विहिरीपासून शेतापर्यंतची लाइन पावसाच्या आत गाडून मोकळं व्हायची घाई ज्याला त्याला असते. दुकानदारांचे फोन सकाळपासून सुरू. अशा दिवसांत मशीन बंद ठेवून विचार करायला कोणालाच सवड नसते. या प्रकरणात जे बिघडलं, त्यात या घाईचा वाटा कच्च्या मालाइतकाच होता.

कारखाना एमआयडीसीतला, मध्यम आकाराचा. दोन कोनिकल ट्विन-स्क्रू एक्स्ट्रुडर (दोन स्क्रूंनी माल वितळवून पुढे ढकलणारी पाइपची मशीनं), एक हाय-स्पीड मिक्सर, त्याच्याखाली कूलर आणि मागच्या अंगाला छोटी लॅब. माल शेतीचा: ६३, ७५ आणि ९० मिमी, चार आणि सहा किलो प्रेशरचा पीव्हीसी पाइप. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. माझं काम बाहेरून येऊन प्रोसेस बघण्याचं, त्यामुळे मला बोलावतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेलाच असतो.

पहिली तक्रार चोपडा तालुक्यातून आली. ९० मिमीच्या पाइपचं सॉकेट, म्हणजे दुसरा पाइप आत घ्यायला रुंद केलेलं टोक, जोडताना चिरत होतं. सोल्युशन लावून पाइप आत ठोकला की सॉकेटच्या तोंडापासून मागे सरळ रेषेत फट. दुकानदाराने आधी शेतकऱ्याला बोल लावला, मग पाइप टाकणाऱ्या मजुरांना, मग सोल्युशनच्या डब्याला. दुसऱ्या गावातून तसाच फोटो आल्यावर त्याने गाडीत तुकडे टाकले आणि थेट आप्पांच्या टेबलावर आणून ओतले.

कारखान्यात तोवर वेगळंच रडगाणं चालू होतं. पाइपवर बाहेरून बारीक उभ्या रेघा येत होत्या. वॅक्यूम टँकच्या तोंडाशी गरम पाइपचं माप पक्कं करणारा पितळी सायझर असतो, त्याच्या आत पिवळट करडा थर बसायचा आणि पाळीत दोन-तीनदा लाइन थांबवून तो खरवडावा लागायचा. डायच्या, म्हणजे पाइपला आकार देणाऱ्या साच्याच्या, तोंडाशी धूर. व्हेंटच्या, म्हणजे मशीनमधला वायू खेचून घ्यायच्या तोंडाच्या, काचेवर चिकट, तेलकट लेप, आणि व्हॅक्यूमच्या नळीत पांढरी पावडर. दुपारी पत्र्याखाली पारा चढला की हॉपरमधलं कंपाऊंड, म्हणजे मिक्सरमधून आलेली पावडर, खाली उतरेना, म्हणून रबरी हातोडा घेऊन एक पोरगा तिथेच उभा केलेला.

मी मशीनपाशी गेलो तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "लोड तर एकदम मस्त आहे भाऊ. मशीन हलकं चालू ऱ्हायलं. पाइप कामून फाटू ऱ्हायला, तेच समजत नाही."

तक्रारवहीत रेघा होत्या, धूर होता, थर होता. मोटरचे अँपिअर कमी झाल्याची नोंद मात्र कोणीच केलेली नव्हती. लोड कमी होणं ही चांगलीच गोष्ट, वीज वाचते, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. पीव्हीसीत तसं नसतं. स्क्रूला पुरेसा जोर लागत नसेल तर माल नीट एकजीव होत नाही, आणि नुसत्या वितळलेल्या दिसणाऱ्या पाइपच्या भिंतीत न मिटलेले दाणे तसेच राहतात.

इथे थोडं मागे जायला हवं. पीव्हीसीचं रेझिन पिशवीतून निघतं तसं मशीनमध्ये घालून पाइप निघत नाही. ते ज्या तापमानाला वाहायला लागतं, त्याच्या आसपासच जळायलाही लागतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतं. म्हणून त्यात स्टॅबिलायझर लागतो. शिवाय रेझिनचा दाणा असतो साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा, आणि तो आणखी सूक्ष्म कणांचा बनलेला. उष्णता आणि घर्षण मिळून तो दाणा फुटला, आतले कण एकमेकांत विरघळून जाळं तयार झालं, की त्याला आपण गेलेशन म्हणतो. पाइपची ताकद येते ती यातून. घर्षण फार झालं तर माल करपतो, फार कमी झालं तर कच्चा राहतो. हे घर्षण आवरायचं काम वंगणाचं, म्हणजे ल्युब्रिकंटचं.

ल्युब्रिकंट दोन जातींचे. एक पीव्हीसीत मिसळून जातो आणि आतल्या आत रेणूंना सरकायला मदत करतो. दुसरा पीव्हीसीशी जमवून घेत नाही. तो पृष्ठभागावर येतो आणि वितळलेला माल व लोखंड यांच्या मध्ये पातळ पडदा धरतो. कणकेत घातलेलं मोहन आणि पोळपाटावर भुरभुरलेलं पीठ, इतका या दोघांत फरक. कॅल्शियम स्टीअरेट पहिल्याच्या अंगाने जातं, पॅराफिन आणि साधं पॉलिइथिलीन वॅक्स दुसऱ्या जातीतले. पाइपच्या फॉर्म्युल्यात पीई वॅक्स पडतं ते १०० किलो रेझिनला १०० ते ३०० ग्रॅम. एवढ्याशा मालाची खरेदी करताना कोणी फार डोकं लावत नाही. आप्पांच्या खरेदी रजिस्टरमध्येही नुसतंच "वॅक्स" असं लिहिलेलं. ग्रेड नाही, ड्रॉप पॉइंट (वॅक्स वितळून थेंब पडायचं तापमान) नाही, काही नाही.

काय काय बदललं होतं ते विचारायला गेलो तर पहिलं उत्तर आलं, "काहीच नाही बदललं." कारखान्यात हे उत्तर नेहमीच पहिलं येतं. स्टोअरच्या चलनांवरून मग दोन गोष्टी निघाल्या.

एक म्हणजे स्टॅबिलायझर. पाण्याच्या पाइपमधलं शिसं बंद करण्यासाठी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०२१ मध्ये नियम काढले आणि सगळ्या धंद्याला शिशाचा वन-पॅक (स्टॅबिलायझरचं तयार मिश्रण) सोडून कॅल्शियम-झिंककडे वळावं लागलं. योग्यच झालं; शिसं पिण्याच्या पाण्याजवळ नकोच. आप्पांनीही बदल केला. पण शिशाच्या वन-पॅकमधलं लेड स्टीअरेट माल टिकवायचं काम करता करता वंगणाचंही काम करायचं. ते गेलं तेव्हा त्याचं वंगणही गेलं. ही उणीव भरून काढण्यासाठी कॅल्शियम-झिंक वन-पॅक बनवणारे त्यात स्वतःच मेण, स्टीअरेट वगैरे घालून देतात. म्हणजे तीन किलोचा तो पॅक फाडून मिक्सरमध्ये टाकला की स्टॅबिलायझरबरोबर एक आख्खी वंगण व्यवस्था आत जाते. जुन्या फॉर्म्युल्यात वरून पडणारं वॅक्स मात्र आप्पांच्या मिक्सरवर चालूच राहिलं, कारण भिंतीवरचा कागद कोणी बदलला नव्हता.

दुसरी गोष्ट वॅक्सचीच. एप्रिलच्या शेवटी नेहमीचा माल संपला, हंगाम तोंडावर होता, आणि एका व्यापाऱ्याकडून सुट्टा माल निम्म्याच्या आसपास भावात मिळाला. पिवळसर फ्लेक्स, साध्या पांढऱ्या गोणीत, वर मार्करने लिहिलेलं "पीई वॅक्स".

मग मिक्सरपाशी उभा राहिलो. मिक्सरवाल्याने रेझिन आणि वन-पॅक टाकले, घर्षणाने तापमान ८० च्या पुढे गेल्यावर झाकण उघडलं आणि गोणीत दोन्ही हात घालून ओंजळभर फ्लेक्स आत सोडले. त्यानंतर फिलर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, टायटॅनियम डायऑक्साइड, मग ११५ ते १२० अंशाला माल खाली कूलरमध्ये. त्याला म्हटलं, पुढची ओंजळ मिक्सरमध्ये नको, लॅबच्या काट्यावर टाक. १५० ग्रॅमच्या वर भरली. संध्याकाळच्या पाळीचा गडी आडदांड होता. त्याची ओंजळ २०० ग्रॅमच्या पुढे. शिवाय सकाळी मशीन सुरू करताना लोड चढतो म्हणून पहिल्या काही बॅचना "थोडं जास्त" टाकायची पद्धत पडलेली. ही पद्धत शिशाच्या काळातली. तेव्हा ती खपून गेली, कारण शिशाचा वन-पॅक बऱ्याच चुका पोटात घ्यायचा. कॅल्शियम-झिंकला तेवढी सवलत नाही.

लॅबमध्ये फार साधनं नव्हती, पण वॅक्स तपासायला फार लागतही नाहीत. पाइपची लांबी तापवल्यावर किती आखडते ते बघायला १५० अंशाचा ओव्हन आयएस ४९८५ या पीव्हीसी पाइपच्या भारतीय मानकामुळे प्रत्येक पाइपवाल्याकडे असतोच. जुन्या वॅक्सचे तळाशी उरलेले थोडे फ्लेक्स मिळाले. दोन ॲल्युमिनिअमच्या वाट्यांत दहा-दहा ग्रॅम जुना आणि नवा नमुना घेऊन दोन तास त्या ओव्हनमध्ये ठेवले. जुन्याचं वजन जवळपास तेवढंच राहिलं. नव्याचं सुमारे अर्धा ग्रॅम उडून गेलं, आणि ओव्हनचं दार उघडल्यावर डिझेलसारखा वास खोलीभर पसरला. दोन्ही वाट्या गार झाल्यावर जुनं वॅक्स कडक, ठिसूळ, नखाने ओरखडा न उठणारं. नव्यावर नख फिरवलं की तेलकट चमक. नंतर दोन्हीचे फ्लेक्स वर्तमानपत्रात बांधून दुपारभर गच्चीवर ठेवले. नव्याच्या कागदाला तेलाचा डाग पडला होता. जळगावच्या मे महिन्यासारखी फुकटची प्रयोगशाळा दुसरी नाही.

व्यापारी फसवत होता असं मी म्हणणार नाही. तो माल रेणूंच्या भाषेत पॉलिइथिलीन वॅक्सच होता, फक्त त्याच्याबरोबर बरंच काही आलेलं होतं. ते का, हे समजायला वॅक्स जन्माला कसं येतं ते बघावं लागतं.

पॉलिइथिलीन म्हणजे इथिलीनच्या लांबच लांब साखळ्या. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत उच्च दाबाखाली ते पहिल्यांदा अनपेक्षितपणे हाती लागलं, तेव्हा भांड्यात दिसला तो पांढरा मेणचट पदार्थच. १९५३ मध्ये कार्ल झिग्लर यांनी उत्प्रेरक शोधला आणि कमी दाबावर सरळ साखळ्या बनवता येऊ लागल्या. पिशवी किंवा पाइप बनवायच्या पॉलिइथिलीनच्या एका साखळीत हजारो कार्बन असतात. मेणबत्तीच्या पॅराफिनमध्ये साधारण २० ते ४०. पीई वॅक्स या दोघांच्या मध्ये बसतं: रेणुभार २,००० धरला तर सुमारे १४० कार्बन. म्हणून पॅराफिन ५०-६० अंशाला पाणी होतं आणि चांगलं पीई वॅक्स शंभरच्या पुढे जाऊन वितळतं. वितळल्यावर मात्र मूळ प्लॅस्टिकच्या मानाने ते खूपच पातळ असतं.

असं मधल्या लांबीचं काही मिळवायला तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे सरळ इथिलीनपासूनच आखूड साखळ्या बनवणं. झिग्लर किंवा मेटॅलोसीन उत्प्रेरक वापरतात आणि हायड्रोजन वाढवून साखळी वेळेआधी तोडतात. साखळ्या बऱ्याचशा एकसारख्या निघतात, माल स्वच्छ, भावही तसाच. दुसरी वाट एचडीपीईच्या, म्हणजे उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनच्या, मोठ्या प्लँटची. काही प्लँटमध्ये पॉलिमर हेक्झेनसारख्या द्रावकात तयार होतो; त्यातल्या ज्या साखळ्या फार आखूड राहतात त्या द्रावकात विरघळून जातात आणि द्रावक परत मिळवताना मेण म्हणून बाजूला निघतात. हा उपपदार्थ. त्याच्या गुणवत्तेची काळजी प्लँटला नसते, कारण त्याला विकायचं असतं एचडीपीई. तिसरी वाट उलट्या दिशेची: तयार पॉलिइथिलीन, बऱ्याचदा भंगारातलं, हवेचा संपर्क तोडून ३५० ते ४५० अंशांपर्यंत तापवायचं, की लांब साखळ्या तुटून आखूड होतात. तुटताना मात्र कुठे तुटायचं हे साखळी आपल्याला विचारत नाही. हव्या त्या लांबीबरोबर पॅराफिनच्या लांबीचे तुकडे होतात, आणखी आखूड तुकडे म्हणजे तेल, त्याहून आखूड म्हणजे वायू. चांगला कारखानदार नंतर निर्वात खेचून हे हलके तुकडे काढून टाकतो. हा टप्पा वगळला तर तो पैसा वाचतो आणि हलका भाग गोणीत जातो.

आप्पांचा सुट्टा माल बहुधा या तिसऱ्या वाटेचा होता. पिवळा रंग, वास, ओव्हनमधली घट, सगळं तिकडेच बोट दाखवत होतं. एक्स्ट्रुडरमध्ये १८०-१९० अंशाला गेल्यावर त्यातला हलका भाग उडायचा, व्हेंटच्या काचेवर आणि डायपाशी धूर होऊन दिसायचा. जो उडायचा नाही तो वितळलेल्या मालातून बाहेर येऊन सायझरच्या थंड पितळेवर बसायचा आणि टायटॅनियम, फिलर सोबत ओढून आणायचा. तोच तो करडा थर, आणि त्याच्यामुळेच पाइपवरच्या रेघा. दुपारी हॉपर अडकायचं कारणही तेच: हलकं मेण ४४-४५ अंशाच्या शेडमध्ये मऊ पडून पावडरचे दाणे एकमेकांना चिकटवत होतं.

इथपर्यंत सगळं सुट्ट्या मालावर ढकलून मोकळं होता आलं असतं. आप्पांची तीच इच्छा होती. "म्हणजे त्याच्याच मालाची खोट ना? मग परत करू आणि विषय संपवू."

नेहमीच्या ग्रेडच्या वॅक्सच्या काही गोण्या नाशिकहून मागवल्या. ड्रॉप पॉइंट, १४० अंशाची विस्कॉसिटी (घट्ट-पातळपणा) आणि आम्लांक लिहिलेला कागद सोबत. मशीन साफ करून त्याच फॉर्म्युल्यावर चालवलं. धूर गेला, व्हेंटची काच स्वच्छ, सायझर पूर्ण पाळीत एकदाही खरवडावा लागला नाही. पोरगं हातोडा ठेवून पॅकिंगला गेलं. आप्पा खूश.

मी पाइपचा तुकडा मिथिलीन क्लोराइडमध्ये बुडवला. ही चाचणी कच्चेपणा दाखवते. तुकड्याच्या टोकाला तिरकी धार काढायची, द्रव १५ अंशाला थंड ठेवायचा, अर्धा तास बुडवून बाहेर काढायचं. नीट गेलेशन झालेला पाइप जवळपास जसाच्या तसा निघतो. कच्चा असेल तिथे पृष्ठभाग पांढरा, फुगलेला, भुसभुशीत होतो. हा द्रव अंगावर आणि नाकात जाऊ द्यायचा नाही, त्यामुळे हे काम खिडकीपाशी, पंखा लावून, हातमोजे घालूनच. तुकडा बाहेर आला तर भिंतीच्या मधला थर पिठासारखा झालेला. बर्फाच्या पाण्यातून काढून वजन पाडायच्या आघात चाचणीतही पाइप फुटले. म्हणजे रेघा गेल्या, रोग तसाच.

सॉकेट चिरण्याचं मूळ इथे होतं. सॉकेट करताना पाइपचं टोक पुन्हा तापवून ताणतात. भिंत एकजीव असेल तर ताण सगळीकडे वाटला जातो. कच्ची असेल तर डायमध्ये आतला गाभा धरून ठेवणाऱ्या स्पायडरच्या पायांनी माल जिथे फाकून पुन्हा जोडला गेलेला असतो, त्याच रेषेवर सगळा ताण येतो. आणि बाहेरचं वंगण जास्त असलं की त्या जोडाच्या दोन्ही काठांवर मेणाचा पडदा, मग काठ जुळणार कसे? फट नेहमी सरळ रेषेत का जायची, त्याचं उत्तर हेच.

चांगलं वॅक्ससुद्धा जास्तच होतं. वन-पॅकमध्ये ते आधीच होतं, वरून ओंजळ, शिवाय फिलर कोटेड, म्हणजे त्याच्या दाण्यावर स्टीअरिक ॲसिडचा लेप. तीन ठिकाणांहून वंगण येत होतं आणि हिशोब कोणाकडेच नव्हता. व्हेंटमधून पाहिलं तरी कळत होतं. त्या ठिकाणी माल अर्धवट जुळलेला, ढेकळांसारखा दिसायला हवा. इथे स्क्रूच्या खाचांत मोकळी पावडर पळत होती, आणि व्हॅक्यूम तीच ओढून नळीत नेत होतं.

आप्पांना हे पटायला वेळ लागला. पैसा परत मिळणार असेल तर दोष व्यापाऱ्याच्या मालाचा असावा, हे साहजिक वाटतं. मी दोन्ही गोष्टी वेगळ्या मांडल्या: धूर, थर, हॉपर, रेघा ही सुट्ट्या मालाची करणी, सॉकेट फाटणं आणि आघातात फुटणं ही आपल्या फॉर्म्युल्याची. पहिलीची भरपाई मागा, दुसरीची मागू नका.

मग वरून पडणारं वॅक्स पूर्ण बंद करून पाहिलं. लोड चढला, मिथिलीन क्लोराइडमधून तुकडा छान निघाला, आघातही पास. सगळे सुटकेचा श्वास टाकणार, तोच पाइपच्या आतल्या अंगाला तपकिरी रेघ आली. आधी एक, मग दोन. कॅल्शियम-झिंकचं हेच अवघड जागेचं दुखणं. शिशाचा माल हळूहळू पिवळा पडत इशारा द्यायचा. इथे झिंक आम्लाशी मिळून झिंक क्लोराइड होतं, तेच पुढच्या जळण्याला वेग देतं, आणि रंग एकदम बिघडतो. डायच्या धातूला माल चिकटून रेंगाळत होता, तिथेच करपत होता. म्हणजे घर्षण तर हवं, पण धातूपासून सुटकाही हवी. साध्या पीई वॅक्सने सुटका मिळते, पण ते गेलेशनही लांबवतं.

इथे ऑक्सिडाइज्ड पीई वॅक्स कामाला येतं. वितळलेल्या वॅक्समधून गरम हवा फुंकली की साखळ्यांवर ऑक्सिजनचे गट बसतात, आम्लगट तयार होतात. किती बसले ते आम्लांकावरून मोजतात. एक ग्रॅम वॅक्स उदासीन करायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागलं तो आकडा. पाइपवाल्यांच्या वापरातल्या मालात तो बहुधा १० ते ३० च्या दरम्यान असतो. या गटांमुळे वॅक्स पीव्हीसीशी थोडं जमवून घेतं आणि धातूलाही धरून राहतं. परिणाम असा की डायपासून माल सुटतो, पण दाणे एकमेकांत विरघळायला फारशी आडकाठी होत नाही. उच्च घनतेच्या ऑक्सिडाइज्ड वॅक्सने तर गेलेशन लवकरही होतं. १०० किलो रेझिनला १०० ग्रॅम ऑक्सिडाइज्ड टाकलं, साधं वॅक्स शून्य. सुरुवातीच्या झोनचं तापमान थोडं वाढवलं, शेवटचं थोडं उतरवलं. तपकिरी रेघ गेली, लोड जुन्या काळच्या जवळ आला, तुकडा द्रवातून घट्ट निघाला.

पॉलिइथिलीन वॅक्सवर करायच्या बाकीच्या कारागिऱ्या या प्रकरणात लागल्या नाहीत, पण आप्पांचा मुलगा विचारत होता म्हणून सांगतो. वितळलेल्या वॅक्समध्ये पेरॉक्साइडच्या मदतीने मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलं तर ते लाकडाचा भुसा किंवा खनिज फिलर आणि पॉलिओलेफिन (पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन) यांना एकत्र बांधतं. काही मायक्रॉनपर्यंत दळलं की छपाईच्या शाईत आणि पावडर कोटिंगमध्ये जातं, घासलं तरी रंग निघू नये म्हणून. ऑक्सिडाइज्ड वॅक्स अल्कली आणि इमल्सिफायर घालून पाण्यात उतरवलं की कापडाचं फिनिश, फरशीचं पॉलिश. युरोपात संत्र्या-लिंबांच्या सालीवर द्यायला ई९१४ म्हणून त्याला परवानगीही आहे. रस्त्यावरचे गरम ओतायचे पांढरे-पिवळे पट्टे, पुठ्ठ्याच्या खोक्यांना लागणारा हॉट-मेल्ट गोंद, यांतही ते असतं. आणि जळगावात ज्याच्यासाठी सगळ्यात जास्त विचारणा होते ते म्हणजे मास्टरबॅच, प्लॅस्टिकमध्ये मिसळायचे रंगाचे दाट दाणे. इथल्या प्लॅस्टिक चटईच्या लाल-हिरव्या पट्ट्यांचा रंग एकसारखा उतरतो तो वॅक्समुळे. ते रंगाच्या कणांभोवती शिरून त्यांचे गठ्ठे सोडवतं. तिथे वॅक्सचं प्रमाण पाइपच्या कित्येक पट असतं, त्यामुळे माल कसला आहे हे चटईवाल्याला आपल्याआधी कळतं.

उरलेल्या सुट्ट्या गोण्या शेजारच्या एका मास्टरबॅचवाल्याला गडद रंगासाठी देऊन टाकायचा विचार निघाला होता. मी नको म्हटलं. पॉलिप्रॉपिलीनची चटई २०० अंशाच्या वर चालते. तिथे धूर आणखी जास्त, आणि पट्टी निघताना तुटली तर भांडण नव्याने. गोण्या व्यापाऱ्याने थोडा भाव कापून परत घेतल्या. त्याला ओव्हनच्या वाट्या दाखवल्या तेव्हा तो फार वाद घालत बसला नाही.

कारखान्यात काही बदल झाले. भिंतीवरचा कागद फाडून नवा लावला, त्यात वॅक्स ग्रॅममध्ये. मिक्सरवाल्याच्या हातात गोणीऐवजी लॅबने तोलून बांधलेल्या पुड्या येतात, एका बॅचला एक. ओंजळीचा प्रश्न मिटला. आणि वॅक्सचा प्रत्येक लॉट उतरवण्याआधी दहा ग्रॅम दोन तास ओव्हनमध्ये. ऑपरेटरला अँपिअर दर तासाला वहीत लिहायला सांगितलंय, वर गेले तरी आणि खाली गेले तरी. त्याने पहिल्या दिवशी विचारलं, "खाली गेले तरी कामून लिहायचे भाऊ?" त्याला कच्चा आणि पक्का असे दोन्ही तुकडे हातात दिले आणि वाकवून बघायला सांगितलं.

सगळ्यात जास्त खल झाला तो भंगारावर. परत आलेला आणि नापास झालेला पाइप मोठा ढीग होता, आणि पाइपवाला भंगार फेकत नसतो. दळतो, पल्व्हराइझ करतो आणि नव्या मालात घालतो. आप्पांचा हिशोब सरळ होता, दळून सहा किलोच्या पाइपमध्ये मुरवू. पण त्या पाइपमध्ये जास्तीचं वॅक्स बसलेलंच होतं. ते दळलं म्हणून कुठे जात नाही, नव्या बॅचमध्ये पुन्हा वंगण म्हणून हजर होतं. शिवाय ढिगात खालच्या बाजूला शिशाच्या काळातले जुने तुकडेही मिसळलेले. ते पाण्याच्या पाइपमध्ये गेले तर वन-पॅक बदलण्यात काय अर्थ राहिला? शेवटी ढीग दोन भागांत वेगळा केला. शिशाचा भाग पाण्याच्या पाइपसाठी पूर्ण बंद. दुसरा भाग प्रेशरच्या पाइपमध्ये न घालता वायरिंगच्या नळीत, पाच टक्क्यांपर्यंत, आणि त्या बॅचमध्ये ऑक्सिडाइज्ड वॅक्स निम्मं. ग्राइंडरवाल्याने दोन्हींच्या गोण्यांना वेगवेगळ्या रंगाची सुतळी बांधायला सुरुवात केली आहे. चोपड्याच्या शेतकऱ्याला नव्या मालाचे पाइप पोहोचले, आणि त्याने सॉकेट ठोकून पाहिल्याशिवाय गाडीवाल्याच्या चलनावर सही केली नाही.